एस्पेरांतो : विशेषणे व संख्यावाचक शब्द

वॉर्सात नेत्रवैद्यकी करणारे ल. ल. झामेनहोफ (1859–1917) यांनी रचलेल्या या कृत्रिम भाषेचे पहिले पुस्तक 1887 मध्ये निघाले. तिचे सोळा नियम 1905 च्या ‘फुंदामेंतो’ या ग्रंथाने कायम केले, त्यांतील तिसरा विशेषणांचा, चौथा संख्यांचा.

विशेषणे : सर्व आकारान्त. लिंगभेद नाही, चांगला, चांगली, चांगले या तिन्हींना ‘बोना’. वचन व विभक्ती मात्र नामाप्रमाणे चालतात : अनेकवचनी ‘य’, कर्म असल्यास ‘न’. मराठीत ‘चांगल्या घराला’ म्हणताना विशेषण सामान्यरूपापाशी थांबते, प्रत्यय एकट्या नामाला लागतो. येथे तो दोहोंना लागतो : ‘बोनान दोमोन’. टीकाकार याला फुकटचे ओझे म्हणतात, ते पूर्णतः खरे नाही. ‘मि फार्बिस ला दोमोन ब्लांकान’ म्हणजे मी पांढरे घर रंगवले (कोणत्या रंगाने, ते सांगितलेले नाही). ‘मि फार्बिस ला दोमोन ब्लांका’ म्हणजे घर रंगवून पांढरे केले. फरक एका ‘न’चा.

1894 मध्ये खुद्द झामेनहोफांनीच विशेषणांची ही ‘य’-‘न’ची रूपे काढून टाकण्याचा प्रस्ताव ‘ला एस्पेरांतिस्तो’ मासिकाच्या वर्गणीदारांपुढे ठेवला. बहुमताने तो फेटाळला. 1907 मधील इदो या सुधारित भाषेने विशेषण अविकारी केले.

तुलना : ‘प्लि’ (अधिक), ‘प्लेय’ (सर्वांत).

संख्या : उनु, दु, त्रि, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाउ, देक, शंभर त्सेंत, हजार मिल. ही रूपे अविकारी असून बाकीच्या संख्या यांच्याच जोडणीने होतात. त्रेसष्ट म्हणजे ‘सेसदेक त्रि’, साठ तीन. एकोणतीसची उलटी मोजणीही नाही. ‘दुदेक नाउ’, वीस नऊ. (बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 2019 मध्ये अशीच वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा वाद झाला होता.) क्रमवाचकाला नुसता ‘आ’ पुरतो : दुआ, दुसरा; असा शब्द मग विशेषणासारखा चालतो. दुओनो अर्धा, दुओब्ला दुप्पट, दुओपे दोघे मिळून. ‘प्रत्येकी’ या अर्थी ‘पो’. त्यापुढील नामाला ‘न’ लावावा की नाही, याबाबत एकमत नाही.

मिलिओनो (दहा लाख) हे मात्र नाम आहे, म्हणून त्यापुढे ‘दा’ लागतो : दु मिल होमोय (दोन हजार माणसे), पण दु मिलिओनोय दा होमोय (वीस लाख माणसे). लाखाला स्वतंत्र शब्द नाही; ‘त्सेंत मिल’, म्हणजे शंभर हजार, असे म्हणतात.