पट्टा करवतीचा मागोवा

पट्टा करवतीचा पट्टा तुटला की जाणता मिस्त्री नवा चढवायची घाई करत नाही. आधी तुटलेली टोकं हातात घेऊन तडा कुठून गेला ते बघतो. जोडाशी तुटला असेल तर जोडणाऱ्याचं काम कच्चं. दोन दातांमधल्या खोबणीतून तुटला असेल तर धार लावताना पोलाद जळलं, नाहीतर बोथट पट्टा रेटून चालवला. आणि तडा पाठीकडून, म्हणजे दात नसलेल्या कडेकडून आत आला असेल तर पट्टा मागच्या रोलरवर घासत होता. या यंत्राच्या जन्मकथेत शिरलं की हेच दोष पुन्हा भेटतात, फक्त तिथे ते एकेका पिढीला अडवून बसलेले असतात. जुनी पट्टा करवत, म्हणजे बँडसॉ, विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्याने म्हणूनच तिचं कुळ जाणून घ्यावं. कोणता दोष मुळातला, कोणता नंतर आलेला, हे त्यातून कळतं आणि हातोडी पहिल्यांदा कुठे लावायची तेही.

मुळातला दोष जोडाचा. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ च्या सुमारास दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड करवतीची कल्पना मांडून पेटंट मिळवलं. कल्पना फार मोठी होती. मागेपुढे चालणारी करवत परतीच्या फेरीत काहीच कापत नाही. गोल करवत सतत कापते, पण तिचं पान वळू नये म्हणून जाड ठेवावं लागतं आणि त्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जातं. पट्टा पातळ असूनही दोन्हीकडून ताणलेला, म्हणून सरळ. तरी न्यूबेरीची करवत जवळजवळ चाळीस वर्षं कागदावरच राहिली, कारण पोलादी पट्टीची दोन टोकं टिकेल अशी जोडायची कशी हे कुणाला जमत नव्हतं. आजच्या छोट्या यंत्राचा पट्टा साधारण चार मीटर लांब असतो आणि सेकंदाला पंचवीसेक मीटर धावतो. म्हणजे जोड सेकंदाला सहा फेऱ्या मारतो, प्रत्येक फेरीत दोनदा वाकतो आणि दोनदा सरळ होतो. तासाला बावीस हजारांहून जास्त फेऱ्या! न्यूबेरीच्या काळातलं पोलाद आणि झाळकाम इथेच हरलं.

१८४६ मध्ये फ्रान्सच्या ॲन पोलीन क्रेपॅं या बाईंनी हा जोड साधण्याची रीत शोधली आणि तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे तो हक्क पॅरिसच्या पेरॅं कंपनीने विकत घेतला, चांगलं पोलाद आणि त्याला पाणी देण्याची सुधारलेली पद्धत यांची त्याला जोड दिली, आणि करवत चालू लागली. यंत्र कंपनीच्या नावाने ओळखलं गेलं. क्रेपॅंबाईंचं नाव आमच्याकडच्या एकाही वखारीत कुणी ऐकलेलं नसेल, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. रोज पोटापाण्याला लावणारा जोड त्यांचा आहे.

न्यूबेरीची करवत कागदावर असताना मुंबईत काय चाललं होतं? चॅटमच्या इंग्रजी गोदीत १८१४ च्या सुमारास मार्क ब्रुनेलने वाफेवरची करवत गिरणी उभारली. तीन वर्षांनी, १८१७ मध्ये, मुंबईच्या वाडिया गोदीतून 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली, ती मात्र हाताच्या करवतींनी चिरलेल्या लाकडाची. ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर आडवा टाकायचा, गेरूत भिजवलेलं सूत मारून रेघ उमटवायची, मग एक करवत्या वर, एक खाली. वरच्याने रेघ सांभाळायची, खालच्याने जोर लावायचा आणि दिवसभर डोळ्यांत भुसा घ्यायचा. ते जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. त्याच्या लाकडाचं कौतुक करताना या दोन माणसांची आठवण कुणी काढत नाही.

सागाची भूक वाढतच गेली. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. तिचा मार्ग आपल्या घाटकोपरच्या शिवारातूनच गेला, आणि रूळ वाढत गेले तशी स्लीपरसाठी लाकडाची मागणीही वाढली. १८६३ मध्ये मुंबईतच बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झालं. सागाच्या व्यवहारावरून या कंपनीला ब्रह्मदेशाच्या थिबा राजाने दंड ठोठावला, ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध पुकारलं आणि राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघायला जाणाऱ्या मराठी माणसाने एवढं ध्यानात ठेवावं, की त्या राजाच्या बंदिवासाच्या मुळाशी ओंडके आहेत.

विसाव्या शतकात वीज आली आणि उभी बँडसॉ वखारीवखारीत बसली. मुंबईत लाकडाचा बाजार रे रोड, दारूखाना, लकडी बंदराच्या बाजूला. महाराष्ट्रभरच्या कितीतरी सॉ मिल कच्छी पाटीदारांनी उभ्या केल्या, आणि घाटकोपरशी कच्छी-गुजराती व्यापाराचं नातं जुनं आहे. लालबहादूर शास्त्री मार्गाने, म्हणजे जुन्या आग्रा रोडने, चालत गेलं तर प्लायवूड-हार्डवेअरची दुकानं आजही ओळीने लागतात. वखारींतल्या या उभ्या बँडसॉची चाकं मोठी, छत्तीस इंच किंवा त्याहूनही अधिक. पट्टा जागेवर फिरतो, ओंडका ट्रॉलीवर चढवून माणसं तो पट्ट्यावर लोटतात.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला डॉन लास्कोव्स्की आणि डॅन टेकुल्वे यांनी वुड-मायझर ही कंपनी काढली, आणि तिच्या यंत्रांनी ही मांडणी उलटी केली. त्यांच्या करवतीत ओंडका जागेवर राहतो आणि आडवा पट्टा असलेलं डोकं रुळांवरून त्याच्यावर सरकतं. अख्खी गिरणी जीपमागे जोडून झाडापाशी नेता येते. पण त्यासाठी चाकं लहान करावी लागली, एकोणीस इंचांच्या आसपास. जुन्या कारागिरांचा हिशोब असा की पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नसावी. छत्तीस इंचांच्या चाकाला ०.९ मिलिमीटर चालते. एकोणीस इंचांच्या चाकाला अर्धा मिलिमीटरच बसेल, आणि इतका पातळ पट्टा ओंडक्यात शिरताच भरकटेल. म्हणून या यंत्रांत पट्टा मिलिमीटरभर किंवा किंचित जास्त जाड ठेवतात, तो प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकतो, आणि लवकर थकतो. सुटसुटीतपणाची किंमत पट्ट्याच्या आयुष्यातून वसूल होते. बदल्यात लाकूड वाचतं. तीनशे मिलिमीटरच्या चौकोनी ओंडक्यातून पंचवीस मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या, तर सात मिलिमीटर खाणारी गोल करवत नऊ फळ्या देते. दोन मिलिमीटर खाणारा पट्टा अकरा देतो.

असलं एक वापरलेलं यंत्र मी घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या एका गाळ्यात पाहिलं. मालकाची तक्रार एकच होती: फळी लाटालाटांची निघते. बरोबरच्या फिटरने इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही आणि ते योग्यच होतं. लाट हा पट्ट्याचा आजार आहे. आधी दात बघायचे. धार गेली असेल तर बाकी सगळं तपासणं व्यर्थ. मग दातांचा कल, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही बाजूंना सारखा. एका बाजूचा कमी पडला की पट्टा तिकडे वळत नाही, उलट जास्त कल असलेल्या बाजूकडे ओढला जातो आणि फळी एका टोकाला जाड होते. त्यानंतर ताण. तो काट्यावर बरोबर दिसला तरी ताण देणारा हायड्रॉलिक दट्ट्या गळत असेल तर पट्टा गरम झाल्यावर सैल पडतो.

हे सगळं ठीक असेल तर गाईड रोलर. कापल्या जाणाऱ्या ओंडक्याच्या दोन्ही अंगांना हे दोन रोलर पट्ट्याला किंचित खाली दाबतात, पाव इंचभर, म्हणजे चाकांचा थोडाफार हेलकावा कापापर्यंत पोचत नाही. पट्ट्याची पाठ आणि रोलरची मागची कड यांत थोडी फट हवी. ती नसली की पाठ घासते, तापते, कडक होते आणि तिथून तडा सुरू होतो. असल्फ्याच्या त्या यंत्रात एका रोलरचं बेअरिंग बसलं होतं आणि रोलर फिरायच्या ऐवजी पट्टाच त्याला खरवडत होता. शेजारच्या चाकावरचा रबरी बेल्टही झिजून पट्टा चाकाच्या लोखंडाला टेकायच्या बेतात होता. या बेल्टने पट्ट्याला उशी आणि चाकाला फुगवटा मिळतो, आणि फुगवट्यानेच पट्टा मध्यावर राहतो. तो गेला की पट्टा सरकून उतरतो आणि माणसं उगाच चाकांची रेषा फिरवत बसतात. आधी दोन्ही चाकांना नवे बेल्ट, मगच चाकांची रेषा लावायची. हा क्रम उलटला की कितीही दिवस घातले तरी पट्टा ताळ्यावर येत नाही.

खाटेसारखी रुळांची चौकट शेवटी तपासायची, पण टाळायची नाही. चाकांवरचं यंत्र रस्त्याने हादरत गेलेलं असतं. दोन रूळ दोरी ताणून आणि लेव्हल ठेवून बघितले नाहीत, तर पट्टा निर्दोष असूनही फळी पिळलेली निघते. डिंक पकडून पट्टा जड झाला तर पट्ट्यावर थेंबाथेंबाने पडणारं पाणी वाढवायचं. काम संपलं की ताण सोडायचा. दुसऱ्या दिवशीचा पट्टा त्यानेच वाचतो. पट्टा जोडून घेताना मात्र क्रेपॅंबाईंची गाठ पुन्हा पडते: विजेने टोकं वितळवून चिकटवली की ती जागा झटकन थंड होऊन काचेसारखी ठिसूळ होते, आणि तिला सावकाश तापवून निळसर रंग येईपर्यंत मवाळ केलं नाही तर पहिल्याच ओंडक्यात तुटते. वेल्डिंगवाल्याने दोन मिनिटं वाचवली म्हणून पट्टा गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

घाटकोपरमध्ये अशा यंत्राला काम कोणतं? पडलेली झाडं. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने मुंबईत शेकडो झाडं आडवी केली. त्याआधीच्या वर्षांत पिठ्या ढेकणाने वर्षावृक्ष वाळत गेले होते. दर पावसाळ्यात गुलमोहर, वर्षावृक्ष, भेंडी कोसळतात, आणि त्यातलं बरंचसं लाकूड तुकडे होऊन सरपणात जातं. पण रस्त्याच्या कडेच्या झाडात खिळे असतात. वर्षानुवर्षं ठोकलेल्या पाट्यांचे, रोषणाईच्या तारांचे खिळे सालीखाली बुडून जातात आणि वरून दिसत नाहीत. एका खिळ्याने सगळ्या दातांची धार जाते. ओंडका चढवण्याआधी धातुशोधक फिरवायचा आणि मुळाकडचे पहिले सहा-सात फूट, जिथे माणसाचा हात पोचतो, वेगळे काढून ठेवायचे.

दुसरी अडचण कायद्याची आहे आणि ती खिळ्याहून पक्की. महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी वृक्ष कायदा आहेच. जंगलं वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला दिलेल्या आदेशाने विनापरवाना सॉ मिलवर गदा आली, ऑक्टोबर २००२ मध्ये नव्या सॉ मिलला केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीची अट घातली गेली, आणि २०१६ मध्ये केंद्राची लाकूड उद्योगांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आली. यंत्र चाकांवर आहे म्हणून सुटेल असं धरून पैसे मोजू नयेत. वनखात्यात आधी लेखी विचारावं. ही बंधनं मला मान्य आहेत. जंगलं ज्या वेगाने वखारीत गेली ते पाहता ती यायलाच हवी होती. पण वादळाने पाडलेल्या, महापालिकेनेच पंचनामा केलेल्या झाडाची फळी करायला सरळ वाट असली पाहिजे. महापालिकेच्या एन विभागाने, म्हणजे आपल्या घाटकोपरच्याच वॉर्डाने, परवाना असलेल्या एखाद्या वखारीशी करार करून असं एक दुरुस्त केलेलं यंत्र आणि एक धातुशोधक पावसाळ्याआधी तयार ठेवावं. बागांतल्या बाकांसाठी आणि पालिका शाळांच्या सुतारकामासाठी लागणारं लाकूड मग बाहेरून आणायची गरज कमी होईल.