सहमालकीच्या घरातील हिस्सा आणि भार

एकाच घरावर एकाच वेळी दोन किंवा अधिक व्यक्तींचे स्वामित्व असणे म्हणजे सहमालकी. येथे हिस्सा ठरलेला असला तरी भिंती वाटलेल्या नसतात. प्रत्येक सहमालकाचा हक्क आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात संपूर्ण घरावर असतो. वाटप होईपर्यंत ‘माडी माझी, ओटी तुझी’ ही केवळ वहिवाटीची सोय होय.

सहमालकी मुख्यतः दोन मार्गांनी उद्भवते. पहिला मार्ग वारशाचा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता निवर्तल्यास १९५६ च्या उत्तराधिकार अधिनियमानुसार त्याच्या स्वतंत्र मिळकतीत विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना समान हिस्से मिळतात. तरीही पुरुष वारसांनी वाटप करायचे ठरवीपर्यंत मुलीला राहत्या घराचे वाटप मागता येत नसे. ही अन्याय्य अट २००५ मध्ये वगळली गेली. दुसरा मार्ग खरेदीचा. त्यात वेगळा करार नसल्यास ज्याने जितकी रक्कम घातली, तितका त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर हिस्से समान मानले जातात.

हिश्श्यापासून भार, म्हणजे घरासाठीच्या कर्जाचे व खर्चाचे दायित्व, वेगळा ओळखावा. भार द्विविध आहे. बाह्य भार बँकेप्रती असतो. सहकर्जदारांपैकी कोणा एकाकडूनही बँक संपूर्ण कर्ज वसूल करू शकते. आंतरिक भार सहमालकांत परस्परांप्रती असतो. ज्याने अधिक भरले, त्याला इतरांकडून त्यांचा वाटा मागता येतो. कर्जात नाव आहे पण खरेदीखतात नाही, अशा भावाची स्थिती सर्वांत बिकट. हप्त्याचे दायित्व पूर्ण. घरमालक नसल्याने व्याजावरील प्राप्तिकर सवलत मात्र नाही.

आता नोंद आणि ताबा. समजा, घरपट्टीची पावती अजून दिवंगत वडिलांच्या नावे निघते, थोरला भाऊ ती बारा वर्षे भरतो, पावत्या एका पिशवीत जपून ठेवतो. या पावत्यांनी त्याला खर्चाचा वाटा मागण्यास आधार मिळतो. बहिणीचा हिस्सा त्यामुळे लोपत नाही. एका सहमालकाचा ताबा हा सामान्यतः सर्वांचा ताबा गणला जातो. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशन झालेली व्यक्तीही केवळ तेवढ्याने मालक ठरत नाही. वारसांच्या वतीने ती विश्वस्त असते.

सहमालकीचा अंत वाटपाने, विक्रीने किंवा हक्कसोडपत्राने होतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा त्रयस्थाने घेतला, तरी त्याला कुटुंबासोबत घरात राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावल्यास १८९३ च्या विभाजन अधिनियमानुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतो.

हक्कसोडपत्राबाबत अधिक दक्षता हवी. बहिणीची सही घेण्यापूर्वी तिच्या हिश्श्याचे प्रमाण आणि त्याची चालू किंमत तिला वाचून दाखवावी, विचारास अवधी द्यावा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र पुढे केवळ मन बदलले म्हणून रद्द होत नाही.