मसान (चित्रपट, 2015)

काशीच्या घाटांवर घडणारा हिंदी चित्रपट. दिग्दर्शक नीरज घायवान, कथा घायवान आणि वरुण ग्रोवर यांची, पटकथा व संवाद ग्रोवर यांचे. लांबी 109 मिनिटे. मे 2015 मध्ये कान महोत्सवाच्या 'अं सर्तें रगार' विभागात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि 24 जुलै 2015 रोजी भारतात प्रदर्शित झाला. जातीबाहेरचे प्रेम आणि त्यावर घराण्याची, गावाची, पोलिसांची पडणारी सावली हा त्याचा विषय. या विषयावर हिंदीत चित्रपट पुष्कळ निघाले. चिता पेटवणाऱ्या घरातला मुलगा नायक म्हणून मधोमध उभा करणारे फार थोडे, आणि त्यांत मसानचे स्थान वरचे आहे.

घायवान मराठी कुटुंबातले, वाढले हैदराबादेत. अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर पुण्यात सिम्बायोसिसमध्ये त्यांनी व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले, काही काळ नोकरी केली आणि मग ती सोडून अनुराग कश्यप यांच्याकडे 'गँग्ज ऑफ वासेपूर'वर (2012) सहायक दिग्दर्शक म्हणून उमेदवारी केली. विकी कौशल त्याच चित्रपटावर सहायक होते. मसान ही त्यांची पहिली प्रमुख भूमिका. छायालेखन अविनाश अरुण यांचे. त्यांचा स्वतःचा 'किल्ला' हा मराठी चित्रपट मसानच्या जेमतेम महिनाभर आधी चित्रपटगृहांत आला होता. कोकणातला पाऊस टिपणारी ती नजर इथे धुरकट, पिवळ्या उजेडातल्या काशीकडे वळली आहे. ग्रोवर यांचे शिक्षण काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या तंत्रज्ञान संस्थेत, स्थापत्य अभियांत्रिकीत झाले. चित्रपटाचा नायक दीपक हाच विषय शिकतो. शहराची बोली, गल्ल्या, पोरांच्या गप्पा यांत कुठेही परकेपणा जाणवत नाही, त्याचे बरेचसे श्रेय ग्रोवर यांच्या त्या वर्षांना द्यावे लागेल.

कथेचे दोन धागे आहेत. देवी पाठक (रिचा चढ्ढा) ही निवृत्त संस्कृत शिक्षकाची मुलगी. पीयूष अग्रवाल या तरुणाबरोबर ती लॉजवर जाते, पोलिसांची धाड पडते, बदनामीच्या भीतीने पीयूष न्हाणीघरात मनगट कापून घेतो आणि मरतो. प्रकरण दाबण्यासाठी इन्स्पेक्टर मिश्रा देवीच्या वडिलांकडे, विद्याधर पाठकांकडे (संजय मिश्रा), तीन लाख रुपये मागतो. घाटावर क्रियाकर्माचे सामान विकून पोट भरणाऱ्या माणसाला ही रक्कम डोंगराएवढी आहे. दुसऱ्या धाग्यात दीपक चौधरी (विकी कौशल) आहे, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी आणि डोम घराण्यातला. वडील आणि भाऊ चितेवर राबतात. हाताखाली माणूस कमी पडला की दीपकलाही उतरावे लागते. त्याचे मन बसते शालू गुप्ता (श्वेता त्रिपाठी) या व्यापारी जातीतल्या, शेरोशायरीत रमणाऱ्या मुलीवर. पुढे घरच्यांबरोबर तीर्थयात्रेला गेलेल्या शालूची बस अपघातात सापडते. त्या रात्री घाटावर आलेल्या प्रेतांमधला एक हात दीपक बोटातल्या अंगठीवरून ओळखतो.

या चित्रपटाची खरी ताकद कळायला डोम समाजाचे काशीतले स्थान ठाऊक असावे लागते. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र हे काशीतले दोन दहनघाट. मणिकर्णिकेवर चितेचा अग्नी डोमांकडूनच घ्यायचा, ही तिथली जुनी रीत. त्यांच्या प्रमुखाला डोमराजा म्हणतात. सत्यवचनापायी राजा हरिश्चंद्र डोमाच्या घरी स्मशानाची चाकरी करत राहिला, ही पुराणकथा सगळ्या देशाला तोंडपाठ आहे. डोमराजा जगदीश चौधरी 2019 मध्ये पंतप्रधानांच्या वाराणसीतल्या उमेदवारी अर्जावर प्रस्तावक होते. 2020 मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. इतका मान असूनही हा समाज अस्पृश्य मानला गेला आणि उत्तर प्रदेशच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. मोक्षासाठी ज्याच्या हातचा अग्नी हवा, त्याच्या हातचे पाणी चालत नाही. महाराष्ट्रातून पिढ्यानपिढ्या काशीयात्रा झाल्या, मणिकर्णिकेचा घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढला, काशीखंड घरोघरी वाचले गेले. पण चितेच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे घर कुठे आहे, हे यात्रेकरूने सहसा विचारले नाही.

मसानमध्ये हा प्रश्न शालू विचारते. तू राहतोस कुठे, हे ती सहज, प्रेमाने, पुन्हा पुन्हा विचारते आणि दीपक दर वेळी विषय बदलतो. शेवटी एकदा तो तिच्यावरच उसळतो आणि घाटावरचे घर, प्रेते, घरचा धंदा सगळे एका दमात ओकून टाकतो. चित्रपटातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग म्हणावा लागेल. विकी कौशल यांनी तो रागाने सुरू केला आहे, पण त्या रागाखालची शरम एका क्षणात चेहऱ्यावर येते. ज्या मुलीने काही केलेले नाही तिच्यावर तो ओरडतो, कारण नकार येणारच हे त्याने लहानपणापासून गृहीत धरलेले आहे. शालू हादरते, गप्प होते आणि काही दिवसांनी फोनवर सांगते की घरचे जुन्या वळणाचे आहेत, मानणार नाहीत, तू शीक, नोकरीला लाग, वेळ आली तर मी पळून यायलाही तयार आहे.

शालूचे आईवडील प्रत्यक्षात या लग्नाला कधीच नाही म्हणत नाहीत. त्यांना काही कळतच नाही. रूढ प्रेमपटात बाप काठी घेऊन उभा राहतो, भाऊ तलवार काढतात आणि प्रेक्षकाला राग कुणावर काढायचा ते ठरवून मिळते. इथे घरचा विरोध कुणीही तोंडाने न बोलता दोघांच्या आत बसलेला आहे. एक जण पत्ता लपवतो, दुसरी पळून जायचा बेत आखते. पूर्वग्रह आपले काम घरच्यांच्या आधीच करून मोकळा झालेला असतो. देवीच्या धाग्यातही घायवान हाच संयम पाळतात. अलाहाबादेत ती पीयूषच्या आईवडिलांना भेटायला जाते तेव्हा कॅमेरा दाराबाहेर थांबतो. आत काय झाले ते आवाजांवरून आणि बाहेर आलेल्या देवीच्या चेहऱ्यावरून समजून घ्यायचे.

परदेशी चित्रपटांशी तुलना केली तर हा फरक अधिक ठळक होतो. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरची राज्यांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने जून 1967 मध्ये लव्हिंग खटल्यात रद्द केली. त्याच वर्षी 'गेस हू इज कमिंग टू डिनर' आला आणि त्यातला काळा डॉक्टर दारात उभा राहताच घरच्यांना सगळे दिसते. मीरा नायर यांच्या 'मिसिसिपी मसाला'मध्ये (1991) युगांडातून हाकलले गेलेले भारतीय कुटुंब आपल्या मुलीचे काळ्या तरुणावरचे प्रेम स्वीकारू शकत नाही. स्वतः वंशद्वेषाचे चटके सोसलेली माणसे तोच द्वेष पुढे देतात, हे त्या चित्रपटाने धीटपणे सांगितले. वंशभेद कातडीवर दिसतो. जात दिसत नाही, ती सांगावी लागते किंवा लपवावी लागते, आणि आडनाव, मोहल्ला, बापाचा धंदा यांतून ती बाहेर पडतेच. मसानमध्ये ताण निर्माण होतो तो या सांगण्या-लपवण्यातून.

मराठी प्रेक्षकाला यात नागराज मंजुळे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. 'फँड्री'मधला (2013) कैकाडी जब्या ज्या मुलीवर जीव टाकतो तिचेही नाव शालूच, आणि जब्याचीही धडपड आपला घरचा धंदा तिच्या नजरेस पडू नये हीच. दोन्ही चित्रपटांना दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला: फँड्रीला 61व्या सोहळ्यात, मसानला 63व्या. एप्रिल 2016 मध्ये आलेल्या 'सैराट'ने पळून गेलेल्या जोडप्यामागे काय येते ते रक्तासकट दाखवले. हे तीन चित्रपट एकामागोमाग पाहावेत. फँड्रीत संताप आहे, सैराटमध्ये धक्का. मसानचा सूर शोकाचा आहे आणि त्यामुळे काहींना तो मवाळ वाटला. शालूचा मृत्यू अपघाती दाखवल्याने घरच्यांची आणि समाजाची परीक्षाच टळली, हा आक्षेप अगदी फेटाळण्याजोगा नाही. दीपकने गंगेत फेकलेली अंगठी झोंटा या पाणबुड्या पोराच्या हाती लागणे आणि तिच्या पैशांतून विद्याधर पाठकांचे संकट निवारणे, हेही जरा जास्तच जुळवून आणलेले आहे. तरीही नदीकाठी मित्रांच्या घोळक्यात दीपकचा बांध फुटतो तो प्रसंग पाहताना हे हिशेब सुचत नाहीत.

चित्रपटाच्या सुरुवातीला ब्रिजनारायण चकबस्त यांचा शेर येतो. शालूच्या बोलण्यातही उर्दू-हिंदी कवी डोकावत राहतात आणि एका गाण्याचा मुखडा दुष्यंतकुमार यांच्या शेरावर बेतलेला आहे. गाणी 'इंडियन ओशन' या वाद्यवृंदाची, पार्श्वसंगीत फ्रेंच संगीतकार ब्रुनो कुले यांचे. दुर्गापूजेच्या जत्रेत गर्दीवरून तरंगत जाणारे फुगे आणि त्याखाली एकमेकांना शोधणारे दोन चेहरे, हा तुकडा पुढे अनेकांच्या आठवणीत चित्रपटाची ओळख होऊन बसला.

निर्मितीत मनीष मुंद्रा यांची दृश्यम फिल्म्स, फँटम, गुनीत मोंगा यांची सिख्या आणि फ्रेंच भागीदार होते. संहितेला 2014 मध्ये सनडान्स संस्थेचा महिंद्रा पुरस्कार मिळाला होता. कानमध्ये मसानने आंतरराष्ट्रीय समीक्षक संघाचा, म्हणजे फिप्रेस्कीचा पुरस्कार मिळवला, शिवाय 'अं सर्तें रगार' विभागाचा आश्वासक पदार्पणाचा पुरस्कार इराणी चित्रपट 'नाहीद'सोबत वाटून घेतला. काशीत असा विषय घेऊन उभे राहणे नेहमीच सोपे गेलेले नाही: दीपा मेहता यांच्या विधवांवरच्या 'वॉटर'चे चित्रीकरण 2000 साली तिथे बंद पाडले गेले आणि तो चित्रपट अखेर श्रीलंकेत पुरा झाला. मणिकर्णिकेवर राबणाऱ्या मुलांवर राजेश जाला यांनी 'चिल्ड्रन ऑफ द पायर' (2008) हा माहितीपट केला होता. ज्याला डोम वस्तीचे वास्तव पाहायचे आहे त्याने तो मसानच्या जोडीला जरूर पाहावा.

जातीबाहेरचे लग्न हाच जात मोडण्याचा खरा उपाय, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात मांडले. विशेष विवाह कायदा 1954 मध्ये झाला. उत्तर प्रदेशातल्याच एका प्रकरणात, लता सिंह खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण द्यावे असे बजावले. एवढे होऊनही 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे 5 टक्केच भरले. देवीच्या गोष्टीत पोलीसच खंडणी मागतात. संरक्षणाचा कायदा आणि पोलीस चौकी यांच्यातले अंतर त्यातून नेमके दिसते.

घायवान आपण दलित असल्याचे उघडपणे सांगतात आणि हिंदी चित्रसृष्टीत दलित सहायकांना संधी मिळावी म्हणून त्यांनी जाहीर आवाहनही केले. मसाननंतर 'अजीब दास्तान्स' (2021) या कथासंग्रहपटातल्या 'गीली पुच्ची'त त्यांनी कारखान्यातल्या दोन स्त्रियांच्या ओढीत जात कशी उभी राहते ते मांडले. तिथे आडनाव लपवणारी भारती मंडल दीपकपेक्षा अधिक हिशेबी आणि अधिक कणखर आहे. पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट 'होमबाउंड' दहा वर्षांनी, 2025 मध्ये आला. पोलीस भरतीची स्वप्ने पाहणाऱ्या दलित आणि मुस्लिम मित्रांची ही गोष्ट बशारत पीर यांच्या लेखावर आधारलेली आहे. तीही कानच्या त्याच विभागात दाखवली गेली आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरली.