आमवाताच्या गोळ्या चालू असताना अंगावर पुरळ आलं तर?

मालगुंड : आंबा-काजूच्या दिवसांत अंगावर पुरळ उठलं की आपण चिकाला नाहीतर घामोळ्याला दोष देतो आणि खोबरेल लावून गप्प बसतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण घरात कुणाला आमवाताची, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिसची औषधं चालू असतील, तर आधी गोळ्यांची पिशवी बघा.

यात नेहमी दिली जाणारी गोळी मेथोट्रेक्सेट. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. बाकीच्या गोळ्या रोजच्या, त्यामुळे म्हातारी माणसं हीसुद्धा रोज घेतात आणि तिथंच घात होतो. तोंड आतून सोलवटतं, घास गिळवत नाही, कातडीवर जखमा होतात, रक्तातल्या पेशी कमी होतात. जीवही जाऊ शकतो. वार ठरवा आणि पाकिटावर मराठीत लिहून ठेवा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी तोंड येणं कमी करते, ताकदीची समजून ती सोडू नका. ताप-खोकल्याला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी मेथोट्रेक्सेट चालू आहे हे सांगा, कारण सेप्ट्रानसारखी गोळी तिच्या जोडीला धोक्याची ठरते.

सल्फासॅलाझिनचं पुरळ बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत येतं. सल्फा सोसत नसेल तर आधीच सांगायचं. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने (कोरोनात गाजली तीच) काहींना खाज सुटते, वर्षानुवर्षं घेतल्यावर नडग्यांवर निळसर-काळे डागही पडतात. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, जरा लागलं की काळंनिळं. 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

यातली काही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून नागीण उठू शकते. गेरू लावत बसू नका, 72 तासांच्या आत औषध सुरू झालं तर जास्त गुण येतो.

नुसती खाज असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, सांधे पुन्हा धरतात. डॉक्टरांना फोन करा. पण पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, चेहऱ्याला सूज, कातडी सुटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सगळी पाकिटं घेऊन मालगुंडचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा थेट रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर 108 लावा. डॉक्टरांनी बघेपर्यंत पुढची गोळी थांबवा. फक्त स्टेरॉइड एकदम तोडू नका.

औषधाचा दुष्परिणाम रुग्णाला स्वतःलाही सरकारकडे कळवता येतो. त्यासाठी फोन 1800-180-3024, पैसे पडत नाहीत.