मेंदूच्या अर्बुदातील पेशीवैविध्य व उपचार-प्रतिरोध : एका वैद्यकीय विचाराचा इतिहास

प्रस्तावना

पालघर तालुक्यातील मासवण हे सूर्या नदीच्या खोऱ्यातील गाव. येथील एखाद्या रुग्णास मेंदूच्या अर्बुदाचे निदान झाले, तर त्याची वाट बहुधा पालघर स्थानकावरून मुंबईतील परळकडे जाते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले व १९६२ मध्ये त्याचे प्रशासन अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६९ मध्ये कार्यान्वित झालेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र आणि हे रुग्णालय अशा रीतीने एकाच विभागाच्या छत्राखाली आहेत. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे या तिन्हींनंतरही ग्लायोब्लास्टोमा हा अर्बुद पुन्हा का उद्भवतो, या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शस्त्रक्रियेची मर्यादा

चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींशी साम्य असणाऱ्या अर्बुदांना 'ग्लायोमा' हे नाव रुडॉल्फ व्हिर्को यांनी १८६०च्या दशकात दिले. पर्सिव्हल बेली व हार्वे कुशिंग यांनी १९२६ मध्ये या अर्बुदांचे पेशींच्या रूपानुसार वर्गीकरण केले. ग्लायोब्लास्टोमाच्या नावापुढे दीर्घकाळ लावल्या गेलेल्या 'मल्टिफॉर्मी' या विशेषणाचा अर्थच मुळी 'बहुरूपी' असा आहे. म्हणजे वैविध्य नजरेस पडले होते. परंतु उपचारांची आखणी मात्र गाठ एकजिनसी आहे, असे मानूनच होत राहिली.

१९२८ मध्ये वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा गोलार्ध काढल्याचे प्रसिद्ध केले. तरीही अर्बुद परतला. गाठीची दृश्य सीमा ही तिची खरी सीमा नव्हे, हा धडा या अपयशाने दिला. हान्स योआखिम शेरर यांनी १९३०च्या दशकात या पेशी रक्तवाहिन्या व चेतातंतू यांच्या कडेने निरोगी मेंदूत दूरवर सरकतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले.

किरण व औषध

१९५३ मध्ये एल. एच. ग्रे व सहकाऱ्यांनी प्राणवायूच्या अभावी पेशी किरणांना दाद देत नाहीत, हे मांडले. गाठीच्या मध्यभागी रक्तपुरवठा अपुरा असतो. तेथील पेशी त्यामुळेच तग धरतात. पेशीचा परिसर उपचाराचे फलित ठरवतो, या विचाराचा हा एक महत्त्वाचा आरंभ होय.

२००५ मध्ये रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखालील ५७३ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड दिल्याने मध्यक जगण्याचा काळ १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेला. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. हीच पद्धती प्रमाण ठरली. लाभ खरा, पण तोकडा होता.

पेशीवैविध्याचा शोध

२००४ मध्ये शीला सिंग व सहकाऱ्यांनी गाठीतील विशिष्ट खूण असणाऱ्या अवघ्या १०० पेशी उंदरात नवी गाठ घडवतात, असे दाखविले. ती खूण नसलेल्या १ लाख पेशी तसे करू शकल्या नाहीत. या मूलपेशीसदृश पेशी किरणांनी झालेली जनुकीय इजा अधिक तत्परतेने दुरुस्त करतात, असे २००६ मध्ये दिसून आले. अशी सीमारेषा इतकी काटेकोर नसते, हेही पुढील संशोधनाने स्पष्ट केले. २०१४ मध्ये पाच रुग्णांच्या गाठींतील ४३० पेशी एकेक करून तपासल्या असता, एकाच गाठीत निरनिराळ्या प्रकारच्या पेशी एकत्र नांदताना आढळल्या. २०१९ च्या अभ्यासाने त्यांच्या चार अवस्था निश्चित केल्या व पेशी एका अवस्थेतून दुसरीत जाऊ शकते, हे सिद्ध केले. औषध एका अवस्थेस मारते, तेव्हा उरलेल्या पेशींस मोकळे रान मिळते.

महाराष्ट्रातील संशोधनाचे यात मोलाचे स्थान आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अंजली शिरास व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये, गाठ न घडविणाऱ्या मानवी मूलपेशींचे जनुकीय अस्थैर्यामुळे कर्कमूलपेशींत आपोआप होणारे रूपांतर मांडले. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेत शिल्पी दत्त यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखविले की, किरणांतून वाचलेल्या मोजक्या पेशी काही काळ विभाजन थांबवितात, परस्परांत विलीन होऊन बहुकेंद्रकी महापेशी बनतात आणि त्यांतूनच पुन्हा वाढ सुरू होते.

परिसराचा वाटा

गाठीत केवळ कर्कपेशी नसतात. मेंदूच्या रक्षणासाठी असलेल्या मायक्रोग्लिया व रक्तातून आलेल्या भक्षकपेशी तिथे मोठ्या संख्येने असतात. गाठीच्या प्रभावाखाली त्या प्रतिकार सोडून तिच्या वाढीस हातभार लावतात. रक्त व मेंदू यांमधील अडसर अनेक औषधे आत येऊ देत नाही. कर्कपेशी लांब सूक्ष्मनलिकांनी परस्परांशी जोडलेल्या असून हे जाळे किरणांची इजा सोसते, असे २०१५ मध्ये आढळले. २०१९ मध्ये तर चेतापेशी व कर्कपेशी यांच्यात थेट संदेशवहनाचे जोड सापडले. नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबने एकूण आयुर्मान वाढले नाही, हे २०१४ च्या दोन मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. एकाच लक्ष्यावर रोखलेल्या उपायाची ही मर्यादा होय.

निष्कर्ष

या इतिहासावरून असे दिसते की, प्रतिरोध हा उपचारानंतर जडलेला केवळ एक दोष नसून गाठीच्या घडणीतच त्याचे बीज असते. म्हणून पुनरुद्भवलेल्या गाठीची, शक्य तेथे, नव्याने तपासणी होणे आवश्यक ठरते. पहिल्या नमुन्यावरून दुसऱ्या गाठीची ओळख पटत नाही. मात्र प्रमाण किरणोपचार सुमारे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. मासवणसारख्या गावातील कुटुंबास तितका काळ मुंबईत राहण्याची सोय व मजुरीवर पाणी सोडण्याची ऐपत हवी. उपचार मध्येच खंडित झाला, तर तग धरलेल्या पेशींना वाढीची संधी मिळते. पेशीविज्ञानाची प्रगती व रुग्णाची निवासव्यवस्था हे दोन्ही प्रश्न म्हणूनच एकत्र विचारात घ्यावे लागतील.