हाडांच्या राखेतून घडलेले पोर्सेलिन
अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या घरी येणारे पोर्सेलिन बहुतेक चीन-जपानहून जहाजाने येई. सॅक्सनीतल्या माइसन इथे शासकाच्या आश्रयाने १७१० मध्ये कारखाना निघाला होता. इंग्रज कारागिरांना असा आश्रय नव्हता आणि केओलिन ही शुभ्र माती आपल्याच भूमीत आहे हेही ठाऊक नव्हते. पदरचे पैसे घालून, चुकत-माकतच त्यांना शिकावे लागले.

सुमारे १७४५ मध्ये लंडनजवळ चेल्सीचा कारखाना सुरू झाला. तो चालवणारा निकोलस स्प्रिमाँट मूळचा चांदीकाम करणारा, त्यामुळे तिथल्या सुरुवातीच्या भांड्यांचे घाट चांदीच्या भांड्यांचेच आहेत. पण त्यांची काचेची पूड मिसळलेली माती भट्टीत वाकडी होई, उकळत्या पाण्याने तडकेही. १७५१ मध्ये निघालेल्या वूस्टरच्या कारखान्याने कॉर्नवॉलचे संगजिरे वापरून ही अडचण दूर केली आणि त्याच्या चहादाण्यांना चांगले नाव मिळाले.

प्लिमथचा औषधविक्रेता विल्यम कुकवर्दी याला कॉर्नवॉलमध्येच केओलिन सापडले. त्याने १७६८ मध्ये पेटंट घेतले, पण कडक आचेवर भाजताना माल फार वाया जाई.

हाडांच्या राखेच्या या पोर्सेलिनचे, म्हणजे बोन चायनाचे, श्रेय सहसा स्टोकच्या स्पोड पितापुत्रांना दिले जाते. ते पूर्ण न्यायाचे नाही. हाडांची राख मातीत मिसळण्याची युक्ती लंडनजवळच्या बो इथल्या थॉमस फ्रायने १७४० च्या दशकातच केली होती. स्पोडांनी १७९० च्या दशकात तिला कॉर्नवॉलच्या मातीची जोड दिली आणि प्रमाण पक्के केले: निम्मी राख, पाव भाग केओलिन, पाव भाग चायना स्टोन नावाचा खडक. त्यासाठी गुरांची हाडे उकळून, भाजून, दळून घेत. या मिश्रणाची भांडी पातळ, शुभ्र आणि तरीही चिवट होत.

या शुभ्रतेची किंमत कामगारांनी मोजली. पहिल्या भाजणीत आकार बिघडू नये म्हणून भांडी गारगोटीच्या भुकटीत ठेवत. भाजून निघाल्यावर ती भुकटी घासून काढण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असे. श्वासाबरोबर गेलेल्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी होत. झिलईतल्या शिशाची विषबाधा वेगळीच. विसाव्या शतकात गारगोटीच्या जागी अ‍ॅल्युमिनाची भुकटी वापरली जाऊ लागली आणि झिलईतले शिसेही कमी झाले.