नाताळच्या घरगुती भेटी : सीमाभागातील साहित्य, कृती आणि हिशेब

नाताळात घरी केलेल्या गोड पदार्थांचे ताट नातलगांच्या व शेजाऱ्यांच्या घरी पाठविण्याच्या प्रथेला गोव्यात कोन्सुआद म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, पेराद, बेबिंक असे पदार्थ या ताटात असतात. मंगळूरकडे अशाच फराळाला कुस्वार हे नाव आहे. दुकानातून आणलेल्या वस्तूंपेक्षा घरात शिजलेल्या पदार्थाला या देवघेवीत अधिक मान असल्यामुळे, बेताच्या मिळकतीच्या घरालाही तीत बरोबरीने सहभागी होता येते.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागाचे या प्रथेशी जुने नाते आहे. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्याच्या महाधर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला. बेळगावच्या कॅम्प भागातील फातिमा माउलीचे कॅथेड्रल हे त्याचे मुख्य मंदिर. मूळ गोव्याची असलेली अनेक कुटुंबे बेळगाव शहरात व खानापूर तालुक्यात स्थिरावली, तर सीमाभागातील तरुण आज कामानिमित्त गोव्यात राहतात. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात चोर्ला घाटातून जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांत कपड्यांच्या पिशव्यांबरोबर फराळाचे डबेही असतात.

घरगुती भेट स्वस्त असते, असे सरसकट मानले जाते. या समजाला सीमाभागात एक मर्यादा आहे. निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील यंत्रमागावरील मोबदलाही बहुतांशी विणलेल्या मालावर अवलंबून असतो. अशा घरात करंज्या करण्यात गेलेली दुपार म्हणजे बुडालेली मजुरी. घरगुती भेटीत पैसा वाचतो, पण त्याची जागा श्रम घेतात आणि ते श्रम प्रायः घरातील एकाच स्त्रीच्या वाट्याला येतात. काटकसरीची आखणी करताना रुपयांबरोबर तासांचाही हिशेब मांडावा लागतो, तो यासाठी.

साहित्य : जवळचे ते स्वस्त

गोव्याच्या फराळाचा पाया नारळ आहे. घाटमाथ्यावर तो बाहेरून येतो आणि महाग पडतो. उलट निपाणी, चिकोडी, हुक्केरी हा उसाचा पट्टा असून डिसेंबरात गुऱ्हाळे चालू असतात. खरिपाच्या शेंगा याच सुमारास बाजारात आलेल्या असतात, संक्रांतीच्या तोंडावर तीळ सहज मिळतो आणि पेरूचाही हाच हंगाम असतो. गूळ, शेंगदाणे, तीळ, पेरू आणि रवा या पाच जिनसांवर सीमाभागाचे ताट उभे राहू शकते. गोव्याच्या नेवऱ्यांत ओल्या नारळाचे सारण असेल, तर निपाणीच्या करंजीत भाजलेल्या डाळ्यांचे पीठ, तीळ, गूळ आणि थोडे सुके खोबरे चालते. हे सारण कोरडे असल्यामुळे अधिक दिवस टिकते, हा आणखी एक लाभ.

बेळगावचा कुंदा भेट म्हणून प्रसिद्ध असला तरी तो दुधाचा पदार्थ आहे. घरी करताना दूध आटविण्यात इंधन व वेळ फार जातो आणि पदार्थ थोडेच दिवस टिकतो. दूरच्या नातलगांसाठी तो टाळावा.

चार पदार्थ, चार मुदती

पेराद म्हणजे पेरूची वडी. पिकलेले पेरू वाफवून, चाळणीवर घासून बिया काढाव्यात. एक किलो गराला पाऊण किलो साखर व एका लिंबाचा रस घालून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ढवळत राहावे. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की तुपाचा हात फिरविलेल्या ताटात थापावा व दुसऱ्या दिवशी वड्या कापाव्यात. कोरड्या डब्यात ही वडी महिनाभर टिकते, म्हणून ती सर्वांत आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करावी.

शेंगदाण्याची चिक्की हा सर्वांत कमी वेळेचा पदार्थ. अर्धा किलो भाजून सोललेल्या शेंगदाण्यांना चारशे ग्रॅम चिक्कीचा गूळ लागतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक होऊन कटकन मोडला पाहिजे. तो मऊ राहिला तर चिक्की दाताला चिकटते. दाणे घातल्यावर मिश्रण गरम असतानाच लाटून सुरीने रेघा माराव्यात. हवाबंद डब्यात ती तीन आठवडे कुरकुरीत राहते.

कुलकुलांना पैसा कमी आणि हात अधिक लागतात. मैदा, थोडा रवा, तुपाचे मोहन, चिमूटभर मीठ आणि नारळाचे किंवा साधे दूध घालून घट्ट पीठ मळावे. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा केवळ याच कामासाठी ठेवलेल्या स्वच्छ कंगव्यावर दाबून वळली की शिंपल्यासारखा आकार येतो. तळून झाल्यावर वरून साखरेचा पाक चढवितात. लहान मुलांना हे काम आवडते व जमते. तळणीजवळ मात्र मोठ्या माणसानेच बसावे. हा पदार्थ १५ डिसेंबरनंतर करावा.

करंज्या शेवटी, २० डिसेंबरच्या पुढे कराव्यात. कोरड्या सारणाच्या करंज्या दोन आठवडे टिकतात. ओल्या नारळाच्या करायच्याच असतील तर त्या दोन-तीन दिवसांत संपतील एवढ्याच कराव्यात आणि त्या शेजारच्या घरांसाठी राखाव्यात.

केकची हौस असल्यास महागड्या सुक्या मेव्याऐवजी घरची टुटीफ्रुटी वापरता येते. कच्च्या पपईचे बारीक तुकडे पारदर्शक दिसेपर्यंत उकडून साखरेच्या पाकात रात्रभर मुरत ठेवले व नंतर निथळून सुकविले की ती तयार होते. संत्र्याच्या सालीचा कीस सुगंधाला पुरेसा असतो.

आठ घरांचा हिशेब

प्रत्येक घराला पाव किलो फराळ धरल्यास आठ घरांना सुमारे दोन किलो लागतो. अर्धा किलो गराची पेराद, साडेतीनशे ग्रॅम शेंगदाण्यांची चिक्की, तीनशे ग्रॅम मैद्याचे कुलकुल आणि प्रत्येक घरी दोन याप्रमाणे सोळा करंज्या एवढ्यात हे जमते. खर्चाचा मोठा भाग तेल, तूप आणि साखर यांचा असतो. म्हणून तळणीचे दोन्ही पदार्थ लागोपाठच्या दिवशी केल्यास तेल वाया जात नाही.

श्रमाचा हिशेब भागीने सुटतो. तीन-चार घरांनी एकत्र येऊन एकेका पदार्थाची जबाबदारी वाटून घ्यावी. एकीने चिक्की करावी, दुसरीने पेराद, कुलकुल मात्र एका संध्याकाळी सर्वांनी मिळून वळावेत. प्रत्येक घराच्या ताटात चारही पदार्थ येतात आणि कोणाचीही मजुरी चार दिवस बुडत नाही. दिवाळीच्या फराळात एकमेकींकडे करंज्या लाटायला जाण्याची सीमाभागातील पद्धत नाताळालाही तितकीच उपयोगी आहे. पेराद ढवळणे हे जोर लागणारे काम आहे. ते घरातील पुरुषांनी करावे, यात परंपरेला बाध येण्यासारखे काही नाही.

खाण्यापलीकडच्या भेटी

दारावर लावायची चांदणी घरी करणे सोपे आहे. दोन फूट लांबीच्या बांबूच्या दहा पट्ट्या घ्याव्यात. पाच-पाच पट्ट्यांच्या दोन पंचकोनी चांदण्या दोऱ्याने बांधून त्या एकमेकींवर ठेवाव्यात आणि पाचही टोके जुळवून बांधावीत. मधल्या पाच छेदांवर अर्ध्या फुटाच्या काड्या आडव्या ताणून बसविल्या की चांदणीला पोट येते. वर खळीने पतंगी कागद चिकटवावा. आत एलईडी दिवाच लावावा, कारण जुना तापणारा दिवा कागद पेटवू शकतो.

गोठ्याच्या देखाव्यासाठी मातीच्या लहान मूर्ती हीदेखील मुलांना देण्याजोगी भेट आहे. खानापूर परिसर मातीकामासाठी प्रसिद्ध आहे. न भाजलेल्या मूर्ती सावलीत आठवडाभर सुकवाव्यात, उन्हात त्या तडकतात.

सर्वांत टिकाऊ भेट म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी, अर्थात वाकळ. खानापूरला लागून असलेल्या हल्याळ परिसरातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशा गोधडीला कवंदी म्हणतात. वापरलेल्या कापडाचे तुकडे जुन्या साडीवर ठेवून, कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याने त्या शिवीत जातात. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ बसविल्याशिवाय कवंदी पूर्ण मानली जात नाही. सिद्दी समाजात हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. पूर्ण आकाराच्या गोधडीला अनेक आठवडे लागतात, तेव्हा डिसेंबरात हाती घ्यायची असल्यास बाळाचे दुपटे किंवा कुंची यांवर समाधान मानावे. आजीच्या साडीचे दुपटे नातवाला मिळणे, ही भेट कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

बांधणी आणि प्रवास

प्रवासात फराळाचा चुरा होतो तो डब्यात मोकळी जागा राहिल्यामुळे. तळाशी चिक्की, मग पेराद, त्यावर कुलकुल आणि सर्वांत वर करंज्या असा क्रम ठेवून मधल्या फटी कागदाने भराव्यात. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये, अन्यथा आत पाणी सुटून बुरशी धरते. घाट उतरल्यावर गोव्याच्या दमट हवेत चिक्की व कुलकुल लवकर सादळतात, म्हणून ते स्वतंत्र घट्ट पुडीत बांधावेत. शेंगदाणे व तीळ यांची काहींना ॲलर्जी असते. डब्यावर पदार्थांची नावे व केल्याची तारीख लिहिणे हिताचे.

पोहोचलेला डबा रिकामा परत करू नये, असा जुना संकेत आहे. गोव्याहून परतणाऱ्या डब्यात सोले, नारळ किंवा दोदोल येते, तर निपाणीच्या डब्यातून गूळ आणि शेंगा जातात. ज्या घरी जे पिकते वा सहज मिळते, तेच दुसऱ्या घरी अपूर्वाईचे ठरते. उसनवारी करून घेतलेल्या भेटवस्तूंचे हप्ते जानेवारीत फेडावे लागतात. रिकाम्या न परतणाऱ्या डब्याची परतफेड मात्र दोन्ही घरांना गोडच लागते.